आई रागावली नव्हती

परवा धाकटी नात भिंतीवरच्या फोटोपुढे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आजी, पणजी एवढी रागावली का होती गं?"

मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझ्या आईचा पूर्ण चेहरा दिसतो असा हा एकच फोटो आमच्याकडे आहे. भिंतीवरचा हार घातलेला फोटोही यातूनच कापून मोठा केलेला. त्यात आईच्या कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. जिने तिला पाहिलं नाही, ती पोर दुसरं काय म्हणणार? पण मंडळी, आई रागीट नव्हती हो. सगळ्या आळीत तिचं हसणं ऐकू जायचं!

फोटो १९६३ सालच्या मे महिन्यातला. आम्ही गांधीबागेत एका जुन्या वाड्यात भाड्याने राहत होतो. बाबा कापड बाजारात एका पेढीवर दिवाणजी होते. ताईचं लग्न ठरलं होतं. ती सासरी जायच्या आत सगळ्यांचा एक फोटो हवा, असं बाबांच्या मनात आलं. फोटोवाला तीन पायांचा लाकडी कॅमेरा नि काळं कापड घेऊन आला, तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. मी अकरा वर्षांची. आई चुलीपुढून तशीच उठून आली. चौकातली फरशी तापलेली, पायात काही नाही. फोटोवाला कापडात डोकं घालून ओरडत होता, "हलू नका जी! डोये उघडे ठेवा!" नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, आणि डोळे उघडे ठेवा म्हणे!

अकराच का? एक तर वाड्याच्या चौकात ऊन यायचंच तेव्हा. चारी बाजूंनी दुमजली खण, त्यामुळे सूर्य डोक्यावर आल्याशिवाय खाली उजेड पडत नसे. आणि डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर! नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो; मध्यान्हीला उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. असा वरून उजेड आला की कपाळ नि नाक उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात. आईच्या डोळ्यांचे खड्डे झाले ते असे.

दुसरं कारण मात्र त्या फोटोवाल्याच्याही आधीचं आहे. ते जरा सविस्तर सांगते. (शाळा सुटली तरी सवय सुटत नाही!)

फ्रान्समध्ये दागेरने आपली फोटोची रीत जाहीर केली ती १८३९ साली. सुरुवातीला एका चित्रासाठी कित्येक मिनिटं लागत. माणसाने तितका वेळ हलायचं नाही म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. पुढे १८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत आली आणि काम काही सेकंदांवर आलं. पण काच ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचा. आपल्याकडेही ही विद्या लवकर पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते.

या जुन्या काचांची एक गंमत मला फार उशिरा कळली. त्यांना निळा-जांभळा प्रकाश तेवढा कळायचा. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचं लालभडक कुंकू काळं ठिक्कर दिसतं. आता विचार करा, संध्याकाळचं ऊन कसलं असतं? सूर्य कलला की त्याच्या प्रकाशाला हवेतून जास्त लांबचा प्रवास करावा लागतो. त्यात निळा वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा उरतो. म्हणजे माणसाचा चेहरा सगळ्यात छान दिसतो तो प्रकाश त्या काचांच्या फारसा उपयोगाचाच नव्हता! १८७३ मध्ये जर्मनीतल्या फोगेलने काचेवरच्या लेपात रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवायला सुरुवात केली. तांबडा नीट दिसायला विसावं शतक उजाडलं.

तोवर फोटो म्हणजे भर ऊन हे समीकरण पक्कं झालं होतं. नंतरच्या साध्या पेटी कॅमेऱ्यांबरोबरही हाच उपदेश असे, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ठेवा. म्हणजे समोरच्यांच्या डोळ्यांत! काचा बदलल्या, फिल्म आली, पण सवय राहिली.

उन्हाला वळवून घेणारेही होते म्हणा. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफरच. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' दिवसाच्या उजेडातच चित्रित झाला. त्या वेळी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, उजेड उलटून नटांच्या तोंडावर पडावा म्हणून. घरातली चादर आणि घरातली बाई! आमच्या चौकात तसं कोणी एक पांढरं धोतर जरी धरलं असतं तरी आईचे डोळे दिसले असते, असं आता वाटतं.

असो. हे सगळं आठवायचं कारण गेली दिवाळी. वाडा पडून बरीच वर्षं झाली. भाऊ आता जवळच्याच गल्लीत राहतो, तिथे आम्ही सगळे जमलो होतो. ताई आता ८१ वर्षांची. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, तिला ऊन अजिबात सोसत नाही. मी ठरवलंच होतं, या वेळी फोटो चेहऱ्यांच्या सोयीने काढायचा.

पाडव्याचा बेत फसला. कोणी साडी बदलत होतं, कोणी चकल्या खात होतं. सगळे गच्चीवर येईपर्यंत सव्वासहा वाजले आणि अंधार! आपल्याकडे सूर्य बुडाला की संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. नागपुरात जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त सातला होतो आणि नोव्हेंबर अखेरीस साडेपाचला, हे मी वर्गात शिकवलेलं. पण घरच्यांना सांगायला विसरले.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबर २०२५ ला, सूर्यास्त पावणेसहाच्या आतबाहेर होता. मी सगळ्यांना पाचलाच वर हाकललं. ओवाळणी नंतर! गच्चीच्या पश्चिमेला चार मजली इमारत आहे, तिच्याआड सूर्य पाचच्या आधीच जातो. समोर पूर्वेला एका गोदामाची उंच पिवळट भिंत. तिच्यावर ऊन अजून होतं आणि तिथून उलटून आमच्याकडे मऊ उजेड येत होता. सरस्वतीबाईंच्या चादरीचं काम त्या भिंतीने केलं. ताईला मधोमध खुर्चीवर बसवलं, तोंड भिंतीकडे. भाच्याने मोबाईलवर दहा-बारा फोटो काढले. "ताई, त्रास होतोय का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही गं, बरं वाटतंय. त्या दिवशी आईचे पाय किती पोळले होते, आठवतं?"

मला वाटायचं, ते फक्त माझ्याच लक्षात आहे.

फोटो छापून आणला. ताई त्यात हुबेहूब आईसारखी दिसते. हनुवटी तीच, हसताना डावा गाल वर जातो तोही तसाच. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून नातीला सगळं समजावून सांगितलं. तिने आळीपाळीने दोन्हींकडे पाहिलं. पटलं की नाही, कोण जाणे. पण मग तिने विचारलं, "मग पणजीचे पाय भाजले, तेव्हा कोणी चपला का नाही दिल्या?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या जुन्या फोटोच्या मागे मी आता पेन्सिलने लिहून ठेवलंय: मे १९६३, सकाळी अकरा, चौकात, भर ऊन, आई अनवाणी. तुमच्याही कपाटात असे आठ्या घातलेले आजी-आजोबा असतील. ती वेळ आठवणारं कोणी घरात असेल, तोवर विचारून लिहून ठेवा.