बुडणारे घड्याळ

नेऱ्याच्या आमच्या घरात तांब्याची एक वाटी आहे. तिच्या बुडाला सुई जेमतेम जाईल एवढे भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली की पाणी खालून आत चढते, वाटी भरते आणि बुडते. ही आजोबांच्या वेळची घटिका. घरातल्या कित्येक लग्नांचे मुहूर्त तिच्यावर साधले गेले.

गेल्या उन्हाळ्यात हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, ही मला दे. काचेच्या पेटीत ठेवतो." त्याला घड्याळांचा नाद आहे, त्यातही काटे नसलेल्या घड्याळांचा. ती लाखांत जातात, म्हणून सध्या तो त्यांची माहितीच जमवतो. फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय यांनी १९९७ साली सुरू केलेल्या 'उर्वेर्क'चे एक घड्याळ त्याने मला चित्रात दाखवले. त्यात तासाचा आकडाच मिनिटांच्या कमानीवरून सरकत जातो. टोकाला पोचून मावळला की दुसरीकडून पुढचा आकडा उगवतो.

श्रीमंतांचे खेळणे, असे मी मनात म्हटले. पण या मांडणीचे मूळ शोधू लागलो तेव्हा सतराव्या शतकातल्या रोममध्ये पोचलो. पोप सातवे अलेक्झांडर यांना रात्री झोप लागत नसे. टिकटिक सोसवत नसे आणि अंधारात वेळही दिसत नसे. १६५६ च्या सुमारास कँपानी बंधूंनी त्यांच्यासाठी आवाज न करणारे घड्याळ बनवले. आकडे पत्र्यातून आरपार कापलेले, मागे दिवा. उजळलेला आकडा कमानीवरून हळूहळू सरके. म्हणजे आज ज्याची नवलाई वाटते ते एका जागरणावरचे औषध होते.

त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी हीच अडचण बाबराला हिंदुस्थानात जाणवली. दिवसरात्रीच्या साठ घटिका, प्रत्येकीची साठ पळे, आठ प्रहर ही आपली मोजणी त्याने आत्मचरित्रात बारकाईने नोंदवली आहे. शहरात घडियाळी वाटी पाण्यात सोडून बसत आणि ती भरली की काशाच्या जाड थाळीवर टोले देत. मात्र प्रहराची खूण फक्त प्रहर संपतानाच वाजे. मध्येच जाग आलेल्याला टोले ऐकू येत, पण ते दुसऱ्या प्रहराचे की तिसऱ्या, ते कळत नसे. बाबराने हुकूम काढला, की रात्री आणि ढगाळ दिवशी घटिकांचे टोले देऊन झाल्यावर थोडे थांबून प्रहराचेही द्यावेत. तीन टोले, विराम, मग एक: पहिल्या प्रहराच्या तीन घटिका. ही घड्याळाच्या तबकडीतली सुधारणाच म्हणायची, फक्त तबकडी कानांसाठी होती. आपला 'घड्याळ' हा शब्दही या घटिकेच्याच कुळातला.

काट्यांच्या घड्याळाकडे आपण बघतो आणि क्षणात विसरतो. भाच्याच्या आवडत्या घड्याळांवर नजर जरा रेंगाळते, आणि संग्राहक पैसे मोजतात ते त्या रेंगाळण्याचे, असे मला वाटते. घटिका मात्र त्याहून जास्त मागते. तिच्यापाशी माणूस बसावा लागतो. ती बुडाली आणि कोणी पाहिले नाही, तर वेळ हरवली. म्हणूनच काचेच्या पेटीला मी नकार दिला.

भांडण मिटवायला आम्ही ती मोबाइल लावून मोजली. घटिका २४ मिनिटांची हवी. सूर्यसिद्धान्तातले पात्र अहोरात्रीत साठ वेळा बुडते. आमची वाटी २१ मिनिटांतच तळाला गेली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. चिंच लावून घासताना कोणीतरी भोकात दाभण फिरवले असणार! हिच्या हिशेबाने अख्खा दिवस २१ तासांत संपेल. किती मुहूर्त असे लवकर साधले गेले, देव जाणे.

भाचा वाटी घेऊन गेला आहे, पण पुण्याच्या तांबट आळीत, भोक बुजवून नव्याने पाडून घ्यायला. मार्गशीर्षात त्याच्या बहिणीचे लग्न आहे. घंगाळाजवळ बसायचे त्याने कबूल केले आहे.