एक ध्वज, दोन ओसेतिया

पांढरा, लाल आणि पिवळा अशा तीन समान आडव्या पट्ट्यांचा ध्वज कॉकेशस पर्वतराजीच्या उत्तरेस फडकतो आणि दक्षिणेसही. उत्तरेकडील उत्तर ओसेतिया-अलानिया हे रशियन संघराज्यातील प्रजासत्ताक असून व्लादिकावकाज ही त्याची राजधानी आहे. सप्टेंबर २००४ मधील शाळेतील हत्याकांडामुळे जगाला ज्ञात झालेले बेस्लान याच प्रजासत्ताकात आहे. दक्षिण ओसेतिया स्वतःला स्वतंत्र राष्ट्र म्हणवते. मात्र जगातील बहुतेक देश त्यास जॉर्जियाचाच भाग मानतात. राजकीय दर्जा असा भिन्न असूनही ध्वज एकच आहे.

ध्वजाचा जन्म

ओसेतियन लोक स्वतःला मध्ययुगीन अलान जमातीचे वंशज मानतात. त्यांची भाषा इराणी कुळातील असून संस्कृतशी तिचे दूरचे नाते आहे. सोव्हिएत राजवटीत हा समाज दोन प्रजासत्ताकांत विभागला गेला. दक्षिण ओसेतियाला १९२२ मध्ये जॉर्जियाअंतर्गत, तर उत्तर ओसेतियाला १९२४ मध्ये रशियाअंतर्गत स्वायत्त प्रदेशाचा दर्जा मिळाला. १९३६ मध्ये उत्तर ओसेतिया स्वायत्त प्रजासत्ताक झाले. एकच देश असेपर्यंत मधली सीमा केवळ प्रशासकीय होती.

सोव्हिएत संघाला तडे जाऊ लागताच चित्र बदलले. सप्टेंबर १९९० मध्ये दक्षिण ओसेतियाने सार्वभौमत्व घोषित केले आणि नोव्हेंबरमध्ये तिरंगी ध्वज स्वीकारला. डिसेंबरमध्ये जॉर्जियाने या प्रदेशाची स्वायत्तता रद्द केली. पुढील महिन्यात युद्धास तोंड फुटले आणि ते जून १९९२ च्या शस्त्रसंधीपर्यंत चालले. उत्तर ओसेतियानेही याच सुमारास सोव्हिएत नमुन्याचा ध्वज उतरवून पांढरा-लाल-पिवळा ध्वज आपलासा केला.

तीन रंगांचा अर्थ

पांढरा रंग नैतिक शुचितेचा, लाल शौर्याचा आणि पिवळा समृद्धीचा, असा या रंगांचा प्रचलित अर्थ सांगितला जातो. दुसऱ्या अर्थानुसार हे तीन रंग प्राचीन समाजातील तीन वर्ग दर्शवितात: धर्मकृत्ये करणारे, लढणारे आणि उत्पादन करणारे.

या दुसऱ्या अर्थाचे मूळ नार्त वीरांच्या गाथांमध्ये शोधले जाते. कॉकेशसमधील अनेक समाजांत मौखिक परंपरेने चालत आलेल्या या गाथांच्या ओसेतियन आवृत्तीत तीन घराणी येतात. अलागाता घराणे ज्ञानाचे व विधींचे, अख्सर्तग्गाता पराक्रमाचे आणि बोराता गुराढोरांच्या संपत्तीचे. यातील ‘अख्सर’ हा शब्द संस्कृत ‘क्षत्र’ शब्दाचा सगोत्र मानला जातो.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल यांनी या रचनेचा विस्ताराने अभ्यास केला. भारत, इराण, रोम येथील प्राचीन समाजांच्या कल्पनेत अशीच त्रिविध विभागणी होती, असा त्यांचा सिद्धान्त होता. मराठी वाचकाला येथे महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भारद्वाज संवाद आठवेल. त्यात ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा आणि वैश्यांचा पिवळा सांगितला आहे. चौथा, शूद्रांचा वर्ण काळा. मात्र हे साम्य जपून वापरावे लागते. द्युमेझिल यांच्या सिद्धान्तावर विद्वानांत मतभेद आहेत. शिवाय शांतिपर्वातील भारद्वाज स्वतःच या वर्णभेदाविषयी शंका घेतो. गाथा प्राचीन असल्या, तरी राज्यसंस्थेचा अधिकृत ध्वज म्हणून हे रंग विसाव्या शतकाच्या अखेरीस आले.

बिबट्याची कथा

ध्वजासोबत वापरले जाणारे राजचिन्हही दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहे. लाल पार्श्वभूमीवर सोनेरी बिबट्या आणि त्यामागे शुभ्र पर्वतशिखरे. या चित्राचा आधार १७३५ सालचा असून तो नोंदवून ठेवला वाखुश्ती बाग्रातिओनी यांनी. भूगोलकार व इतिहासकार म्हणून ख्यातकीर्त असलेले वाखुश्ती हे जॉर्जियाचे राजपुत्र होते. जॉर्जियापासून विलग होऊ पाहणाऱ्या प्रदेशाने आपले चिन्ह जॉर्जियन विद्वानाच्या नोंदीतून घ्यावे, हा इतिहासाचा योगायोग बोलका आहे.

ध्वजाची दुसरी बाजू

ऑगस्ट २००८ मध्ये रशिया व जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले. त्यानंतर २६ ऑगस्ट रोजी रशियाने दक्षिण ओसेतियाला मान्यता दिली. निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाऊरू अशा मोजक्याच देशांनी त्याचे अनुकरण केले. तुवालूने २०११ मध्ये दिलेली मान्यता २०१४ मध्ये मागे घेतली.

उत्तर ओसेतियाने १९९४ मध्ये ‘अलानिया’ हे नाव धारण केले. २०१७ च्या सार्वमतानंतर दक्षिणेनेही ते आपल्या नावास जोडले. ध्वज, राजचिन्ह आणि नाव या तिन्हींतून ‘आम्ही एकच’ हा संदेश सातत्याने दिला जात आहे. परंतु दक्षिण ओसेतियातील गावे सोडून जावे लागलेल्या हजारो जॉर्जियन कुटुंबांसाठी हाच ध्वज गमावलेल्या घरांची खूण आहे. एकाच भूमीवरील दोन समाजांना तेच तीन रंग असे वेगवेगळे दिसतात. या रंगांचा सर्वमान्य अर्थ त्या घरांचा प्रश्न सुटल्याखेरीज लागणे कठीण आहे.