रेखा आणि वर्ण

चित्रांतील स्त्रीमुख सुंदर कशानें दिसतें, असें आम्हांस कोणी विचारिलें असतें, तर गौर वर्ण, सरळ नासिका व विशाल नेत्र ही ठराविक यादी आम्हीं बिनदिक्कत म्हणून दाखविली असती. ती यादी आमच्या वर्गांतील एका गोंड विद्यार्थिनीनें मोडली. ही मुलगी चित्रें उत्तम काढी. परंतु तिच्या वहींतील एकही मुख तिच्या आईसारखें नव्हतें. सारीं गोरीं, सारीं कॅलेंडरावरचीं! कारण पुसतां ती म्हणाली, "सर, सुंदर बाई काढायची होती ना." आम्ही खजील झालों. हा धडा तिला आमच्याच पिढीनें दिला होता.

या समजुतीस इतिहास आहे, आणि तो फार जुना नाहीं. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईंत १८९४ सालीं निघाला व त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतींवर गेल्या. गरिबाच्या घरींही चित्र पोंचलें, हें त्या छापखान्याचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एकाच साच्याचें मुख पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांपुढें राहिलें, म्हणजे तेंच प्रमाण वाटूं लागतें.

आमचें जुनें शास्त्र निराळें बोलतें. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र नेत्राचे आकार भावावरून ठरवितें: ध्यानस्थाचा नेत्र धनुष्यासारखा, प्रेमिकांचा मत्स्याच्या उदरासारखा, भ्यालेल्याचा वा रडणाऱ्याचा पद्मपत्रासारखा. शिवाय तें सांगतें कीं, आचार्य रेखेची प्रशंसा करितात आणि सामान्य जन रंगांच्या समृद्धीची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील कृष्णवर्ण राजकन्या ज्यानें रंगविली, त्यास सौंदर्यासाठीं गोरा रंग शोधावा लागला नाहीं.

पण आमच्या वाचकांनीं इतक्या दूर कशास जावें? १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांतच असलेल्या चामोर्शी भागांत, वैनगंगेच्या तीरीं, मार्कंड्याचीं देवळें उभीं आहेत. कनिंगहॅमसाहेबांनीं १८७९ सालीं छापलेल्या आपल्या अहवालांत त्यांचें वर्णन केलें आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेंत सहस्रावधि लोक तेथें जातात. भिंतींवरच्या सुरसुंदरींकडे निरखून पाहणारे मात्र थोडे. आम्ही वर्गासह गेलों. दगडाला गोरेपण नाहीं. कित्येक मुखें पावसानें झिजलीं आहेत. तरीही तीं सुंदर दिसतात. कां? मान किंचित् कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खांद्यापासून हनुवटीपर्यंत रेषा कोठें तुटत नाहीं. आणि ती स्त्री आपल्याकरितां उभी नसून स्वतःच्याच कांहीं विचारांत आहे, असें वाटतें. अवयवांची यादी सौंदर्य घडवीत नाहीं. त्यांस एकत्र बांधणारा भाव तें घडवितो.

ती मुलगी बराच वेळ एका मूर्तीपुढें बसली होती. पुढील आठवड्यांत तिनें वही दाखविली. मोहाचीं फुलें वेंचतांना वांकलेली एक स्त्री. नाक रुंद, वर्ण सांवळा, दृष्टि खालीं. ही कोण, असें आम्हीं विचारिलें नाहीं.