आधी पंख, मग इंजिन

विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तो 'पहिले कोण?' हा. राइट बंधूंचे नाव निघते आणि पाठोपाठ कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतो. तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी माणसाने कधी ना कधी ऐकलेली असते. तिला भक्कम म्हणावा असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी ती जोडली जाते, त्यातील यंत्रे उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला होता. तो वाद येथे उकरून काढायचा नाही. पण त्या कथेतला एक तपशील बोलका आहे. तिच्या प्रचलित रूपात विमानात माणूसच नाही. यंत्र वर गेले म्हणजे उड्डाण झाले, असे ती कथा धरून चालते. पाश्चात्त्य देशांतले या विषयावरचे लोकप्रिय लिखाणही बरेचसे असेच आहे. त्यात यंत्रांची वंशावळ सापडते. ती चालवायला माणूस कसा शिकला, हे मात्र चार-दोन ओळींत आटोपते.

हा मागे पडलेला प्रश्न पॅरामोटरमुळे पुन्हा समोर येतो. पॅरामोटर म्हणजे पाठीवर घ्यायचे वीस ते तीस किलोंचे इंजिन, त्याला जाळीच्या पिंजऱ्यात फिरणारा प्रोपेलर आणि डोक्यावर दोरांनी जोडलेला कापडी पंख. चाके नाहीत, धावपट्टी नाही. माणसाचे पाय हीच चाके. सगळे विमान मोटारीच्या डिकीत मावते आणि पैसे मोजले की विकतही मिळते. मात्र शिकणारा पहिल्यांदा जमीन सोडतो तेव्हा बहुधा तो एकटाच असतो. शेजारी गुरू नसतो, दुसरा दांडा नसतो. मग तो शिकतो कधी आणि कुठे? या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बरेच जीव गेले आहेत.

पाच वर्षांत पाच तास

या इतिहासाची सुरुवात ओट्टो लिलिएंथाल या जर्मन अभियंत्यापासून करावी लागते. पक्ष्यांच्या पंखांचा अनेक वर्षे अभ्यास करून १८८९ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला आणि १८९१ पासून स्वतः बनवलेले पंख अंगावर चढवून टेकड्यांवरून झेपा घ्यायला सुरुवात केली. त्याच्या ग्लायडरला सुकाणू असे नव्हतेच. दोन्ही हातांनी चौकट धरायची, कमरेखालचे शरीर लोंबकळत ठेवायचे आणि ज्या बाजूचा पंख उचलला जाईल त्या बाजूला पाय फेकून तोल सावरायचा, हेच त्याचे तंत्र. सोयीची टेकडी मिळेना म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे सुमारे पंधरा मीटर उंचीची मातीची टेकडी उभारली. टेकडी गोल होती, कारण वारा कोणत्याही दिशेचा असला तरी त्याच्या तोंडावर धावता आले पाहिजे. उडायला शिकण्यासाठी मुद्दाम बांधलेली ही बहुधा पहिलीच जागा.

लिलिएंथालच्या झेपांची संख्या सुमारे दोन हजार सांगितली जाते. त्यांतल्या काही अडीचशे मीटरपर्यंत गेल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ऱ्हिनोव्हच्या टेकड्यांत त्याचा ग्लायडर हवेत थबकला आणि कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये तो वारला. पर्सी पिल्चर या ब्रिटिश तरुणाने त्याच्याकडूनच धडे घेतले होते. १८९९ च्या सप्टेंबरात पिल्चरचे इंजिन लावलेले नवे विमान पाहायला मंडळी जमली, आणि नेमके इंजिन नादुरुस्त झाले. आलेल्यांची निराशा नको म्हणून वाईट हवेतही तो जुना ग्लायडर घेऊन उडाला. शेपटीचा भाग मोडून तो खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. बघ्यांच्या भिडेपोटी उडू नये, हा नियम आजही प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगावा लागतो. पिल्चरने त्याची किंमत तेव्हाच मोजली होती.

लिलिएंथालच्या मृत्यूचा सर्वांत नेमका अर्थ विल्बर राइटने लावला. १८ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागोत अभियंत्यांपुढे केलेल्या भाषणात त्याने हिशेब मांडला. पाच वर्षांत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेत होता तो जेमतेम पाच तास. एवढ्या सरावावर कोणी सायकलीवरून शहराच्या गर्दीत शिरणार नाही. तरी हा माणूस इतका पुढे गेला, याचेच विल्बरला नवल होते. त्याच भाषणात त्याने बिथरणाऱ्या घोड्याचा दाखला दिला. घोडेस्वारी दोन प्रकारे शिकता येते. एक, घोड्यावर बसून त्याच्या प्रत्येक खोडीला उत्तर शोधायचे. दुसरा, कुंपणावर बसून त्याला न्याहाळायचे आणि मग घरी जाऊन त्याच्या उड्यांवर उपाय योजायचे. दुसरा मार्ग सुरक्षित खरा; पण चांगले स्वार पहिल्या मार्गाने तयार होतात.

बावन्न आणि बारा

राइट बंधूंनी घोड्यावर बसायचे ठरवले, पण बेताने. १९०० साली किटी हॉकच्या वाळूत त्यांनी आपला पहिला ग्लायडर बहुतेक वेळ दोरी बांधून पतंगासारखाच उडवला. त्या मोसमात माणसासह मोकळे उड्डाण सगळे मिळून दोनेक मिनिटांचे झाले. १९०२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र त्यांनी सातशे ते हजार झेपा घेतल्या. तोल, वळण आणि उतरणे हाताखालचे झाल्यावरच त्यांनी इंजिनाकडे पाहिले.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली उलट क्रमाने चालले होते. त्यांच्यापाशी अमेरिकी युद्ध खात्याचे पन्नास हजार डॉलर होते आणि चार्ल्स मॅन्ली या मदतनीसाने तयार केलेले बावन्न अश्वशक्तीचे अप्रतिम इंजिन होते. राइटांचे इंजिन होते अवघे बारा अश्वशक्तीचे. लँग्लींचे विमान पोटोमॅक नदीतल्या तरंगत्या घरावरून फेकयंत्राने सोडण्यात आले. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३, दोन्ही वेळा ते सरळ पाण्यात गेले. आत बसलेल्या मॅन्लीचा दुसऱ्या वेळी जीव थोडक्यात वाचला. पहिले दोष विमानाच्या बांधणीत आणि सोडण्याच्या यंत्रणेत होते, हे खरे. पण समजा, विमान हवेत टिकले असते, तरी ते सांभाळण्याचा कसलाही सराव मॅन्लीला नव्हता. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, ऑरव्हिल राइट बारा सेकंद उडाला. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बर एकोणसाठ सेकंद हवेत राहिला. बावन्न अश्वशक्तीपुढे बारा जिंकल्या, याचे अर्धे कारण वाळूतल्या त्या झेपांमध्ये आहे.

पेंग्विन आणि शिष्य

विमाने आली तशी शिकवण्याची निकड आली. लुई ब्लेरियोच्या फ्रेंच पद्धतीत विमान एकाच आसनाचे. गुरू जमिनीवर, शिष्य पहिल्या दिवसापासून एकटा. म्हणून त्याला आधी पंख छाटलेले विमान देत. ते कितीही पळवले तरी उडत नसे. लोक त्याला 'पेंग्विन' म्हणत. मैदानात ते सरळ रेषेत पळवता आले की जरा मोठ्या पंखांचे विमान, मग जमिनीपासून हातभर उंचीची उडी, मग वळण. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दाखल झालेले अमेरिकी स्वयंसेवकही याच शिडीने वर गेले.

इंग्लंडमध्ये १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे वेगळी वाट काढली. दोन आसने, दोन दांडे, आणि गुरूचा आवाज शिष्याच्या कानापर्यंत नेणारी नळी. विमान मुद्दाम गिरकीत घालायचे आणि त्यातून बाहेर कसे यायचे ते तिथेच शिकवायचे. पुढे जगभर हीच रीत रूढ झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला, तोपर्यंत गुरूने शेजारी बसून शिकवणे हेच स्वाभाविक वाटू लागले होते.

एकट्याने शिकण्याची परंपरा मात्र संपली नाही. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर विमानांबाबत कडक बंधने आली, तेव्हा तिथल्या तरुणांनी १९२० पासून वासरकुपे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची ग्लायडर उडवायला सुरुवात केली. नवशिक्यांच्या उघड्या सांगाड्याच्या ग्लायडरला 'त्सोग्लिंग' म्हणत, म्हणजे शिष्य. सोबत्यांनी रबरी दोर ताणून गोफणीसारखा तो सोडायचा आणि वर बसलेल्या एकट्याने काही सेकंद सरळ जाऊन उतरायचे. पंधरा मीटरच्या टेकडीचीच ही पुढची इयत्ता.

पतंगवाल्याचा पंख

पॅरामोटरचा पंख या वैमानिकांच्या घराण्यातला नाही; त्याची वाट पतंगांकडून येते. डॉमिना जॅल्बर्ट हे कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले पतंग-फुगे बनवणारे कारागीर. त्यांनी १९६४ मध्ये एका पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कापडी थरांमध्ये कप्पे, कप्प्यांची तोंडे पुढून उघडी. वारा आत शिरला की कापड फुगते आणि त्याला विमानाच्या पंखाचा आकार येतो. एकही काठी नाही. हवा हाच सांगाडा. त्याच दशकात डेव्हिड बॅरिश यांनी अंतराळयाने उतरवण्यासाठी बनवलेला आपला कापडी पंख घेऊन अमेरिकेतल्या उतारांवरून उडून पाहिले.

२५ जून १९७८ रोजी फ्रान्समधल्या मियुसी गावी तीन पॅराशूटपटू, ज्याँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसों, डोंगराच्या उतारावरून पॅराशूट पसरून धावले आणि उडाले. कारण अगदी व्यवहाराचे होते. अचूक उतरण्याच्या सरावासाठी दर वेळी विमानभाडे परवडत नव्हते. त्यातून पॅराग्लायडिंग उभे राहिले. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये माइक बर्न यांनी अशा पंखाला पाठीवरच्या इंजिनाची जोड दिली. पुढे फ्रान्समध्ये ही कल्पना रुळली. डोंगराची गरज संपली, सपाट शेतातून उडता येऊ लागले. आणि डोंगर शिकवत असलेला क्रम वगळण्याची सोयही त्याच क्षणी झाली.

जमिनीवरची शाळा

अमेरिकेत १९८२ च्या नियमांनी अशा हलक्या विमानांना वैमानिकाच्या परवान्यातून सूट दिली. अट अशी की विमान एकट्यापुरतेच असावे आणि इंजिनाचे असल्यास त्याचे वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे ११५ किलो असावे. या नियमामागचा हिशेब स्पष्ट होता. स्वतःचाच जीव धोक्यात घालणाऱ्याला मोकळीक दिली, आणि जबाबदारीही त्याच्याच पाठीवर ठेवली. गॉस्पोर्टची नळी आता हेल्मेटमधल्या रेडिओच्या रूपाने आली आहे. पण शिक्षक जमिनीवर उभा असतो. तो पाहू शकतो, ओरडू शकतो. ब्रेक ओढायला त्याचा हात पोचत नाही.

म्हणून चांगल्या शाळेत पहिले कितीतरी तास इंजिनाला हात लावू देत नाहीत. मोकळ्या मैदानात नुसता पंख उभा करायचा आणि डोक्यावर तोलून धरायचा. हे सोपे दिसते. पण यातले जवळजवळ प्रत्येक उत्तर माणसाच्या उपजत बुद्धीच्या उलटे आहे. पंख उजवीकडे कलला की शरीर डावीकडे ओढ घेते. शिकावे लागते ते उजवीकडे, त्याच्या खाली धावणे. जमीन सुटल्यासारखी वाटताच बसावेसे वाटते. बसला की पिंजरा आपटतो आणि प्रोपेलर मोडतो, म्हणून पाय अधांतरी होईपर्यंत धावत राहायचे. हवेत घाबरल्यावर हात काहीतरी घट्ट धरू पाहतात, आणि हातांत असतात ब्रेकच्या मुठी. दोन्ही मुठी खोल ओढल्या की पंखाचा वेग मरतो आणि तो उडायचा थांबतो. म्हणून पहिला आदेश असतो, हात वर. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे लगेच पटेल: पतंग बावचळला की आधी ढील.

इंजिन या चुका मोठ्या करते. माणूस पंखाखाली लंबकासारखा टांगलेला असतो. जोर एकदम वाढवला की तो पुढे झुलतो आणि पंख मागे राहतो. जोर एकदम तोडला की पंख पुढे डोकावतो. प्रोपेलरची फिरकी शरीराला एका बाजूला पिळते, ते वेगळेच. ज्याच्या हातांना पंखाची ओढ आधीच ओळखीची झाली आहे, त्याला हे धक्के समजतात. ज्याने इंजिन आधी घेतले, त्याला पंख आणि इंजिन दोघांशी एकाच वेळी झुंजावे लागते. पाण्यावरून उडताना तर पाठीवरचे तेच इंजिन बुडवणारे ओझे ठरते.

आपल्याकडे कामशेतजवळच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकणारा माणूस आधी मैदानात पंख उचलतो, मग छोट्या उतारावरून दहा-वीस पावलांची झेप घेतो. लिलिएंथाल ते पिल्चर, किटी हॉक ते वासरकुपे, सगळ्यांचा क्रम तो अजाणता गिरवत असतो. पॅरामोटर विकत घेणाऱ्यालाही तो गिरवता येतो. फक्त कोणी त्याच्यावर सक्ती करत नाही. उडण्याचे यंत्र एवढे स्वस्त आणि सुटसुटीत याआधी कधीच नव्हते. त्यामुळे लँग्लींची चूक करायला आता पन्नास हजार डॉलर लागत नाहीत, एक सुट्टीचा दिवस पुरतो.

लिख्टरफेल्डची ती टेकडी अजून आहे. १९३२ मध्ये तिचे स्मारक करण्यात आले. संग्रहालयांत जपलेल्या विमानांच्या मानाने तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही: मातीचा एक गोल उंचवटा, साधारण पाच मजली घराएवढा. तेवढ्या उंचीवरून खाली येण्यात त्या माणसाने वर्षे घालवली, आणि विल्बरच्या हिशेबाने तीही कमीच पडली.