काळ्या दगडाचा जुना हिशेब



अंबरनाथचे शिवालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शिलाहारांच्या काळात, इ. स. १०६० साली ते उभे राहिले. त्याचा दगड काळा. कल्याणजवळच्या मलंगगडाचा दगडही काळा आणि ठाण्यापलीकडच्या पारसिकच्या डोंगराचाही काळाच. डोंबिवलीकडे कुणी विहीर खणली, तर माती आणि मुरूम संपला की पहार याच दगडावर खणकन वाजते. साडेनऊशे वर्षांचे देऊळ आपल्याला फार जुने वाटते. पण त्याचा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे! त्या दगडाच्या जन्माशी पृथ्वीच्या हवामानाचा मोठा इतिहास जोडलेला आहे. तोच आज थोडक्यात सांगायचा आहे.

डायनोसॉर नावाचे प्रचंड सरपटणारे प्राणी पृथ्वीवर आले ते सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या महाराष्ट्रातही ते होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावच्या परिसरात त्यांची हाडे सापडली आहेत. इतकेच काय, दगड होऊन बसलेली त्यांची विष्ठाही सापडली आहे. ती तपासून शास्त्रज्ञांनी २००५ साली जाहीर केले, की हे प्राणी गवतही खात होते, आणि त्यात भाताच्या दूरच्या नात्यातले गवतही होते. आपल्या भातकरी शेतकऱ्यांना याचे नवल वाटेल.

त्यांच्या काळी पृथ्वी आजच्यापेक्षा पुष्कळ उबदार होती. आज जिथे मैलोगणती बर्फ आहे, त्या दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात ९ कोटी वर्षांपूर्वी जंगल वाढत होते. समुद्राची पातळीही फार उंच होती. असे का असावे?

मंडळी, थंडीच्या रात्री आपण घोंगडी पांघरतो. घोंगडीत काही शेगडी नसते. अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. हवेतला कार्बन डायॉक्साइड, ज्याला जुन्या पुस्तकांत कर्बाम्ल वायू म्हणत, पृथ्वीसाठी नेमके हेच काम करतो. उन्हाला तो आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची उष्णता अडवून धरतो. अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात. डायनोसॉरांच्या काळातल्या अतिउष्ण युगात हवेच्या दहा लाख भागांत हा वायू हजार भागांच्या आसपास होता, कधी त्याहूनही जास्त. घोंगडी जाड होती, म्हणून ऊब जास्त होती.

त्या युगाच्या शेवटी शेवटी हवा काहीशी निवू लागली होती. आपला भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. अशा वेळी इथली जमीन भेगाळली आणि आतून लाव्हारस वाहू लागला. एक थर निवला, की त्यावर दुसरा. बहुतेक सारा रस दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. कसाऱ्याच्या गाडीतून माहुलीकडे किंवा घाटाकडे पाहा. डोंगरावर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच थरांच्या. इंग्रजीत या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो मूळ स्वीडिश शब्द जिन्याचा आहे.

या रसाबरोबर कर्बाम्ल वायूही मोठ्या प्रमाणात बाहेर पडला आणि पृथ्वी पुन्हा काही अंशांनी तापली. याच सुमारास मेक्सिकोत एक मोठी अशनी कोसळली. डायनोसॉर नष्ट होण्याचा मुख्य दोष बहुतेक शास्त्रज्ञ त्या अशनीला देतात. आपल्या लाव्हारसाचा त्यात वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

आता गंमत पाहा. ज्या दगडाने वायू सोडला, त्यानेच तो परतही घेतला. पावसाच्या थेंबात हा वायू थोडासा विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी काळ्या दगडाला झिजवते. आपला मुरूम आणि आपली काळी माती ही त्याच झिजेची खूण. दगडातला चुन्याचा अंश उल्हास नदीसारख्या नद्यांतून समुद्रात जातो. शंखशिंपले त्याची कवचे करतात आणि वायू त्यात बांधला जाऊन तळाशी चुनखडक होऊन बसतो. पुढे भारत सरकत सरकत विषुववृत्ताच्या पावसाळी पट्ट्यात आला, तेव्हा ही झीज फार जोराने झाली असावी आणि पृथ्वी निवण्यास तिची मदत झाली असावी, असे काही भूशास्त्रज्ञ मानतात. मात्र या कामाला लाखो वर्षे लागतात.

आणि आपण? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १८५४ साली ती कल्याणला पोचली. ती कोळशावर चाले. १८५९ साली इंग्लंडात टिंडॉल यांनी हा वायू उष्णता अडवतो, हे प्रयोगाने मोजून दाखवले. म्हणजे कोळसा जाळणे आणि त्याचा परिणाम कळणे, दोन्ही एकाच पिढीत घडले. कारखानदारी वाढण्यापूर्वी दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. आजचे सारे ज्वालामुखी वर्षभरात जेवढा वायू सोडतात, त्याच्या पन्नासपटींहून अधिक एकटा माणूस सोडतो. डायनोसॉरांच्या काळाइतका वायू आज हवेत नाही, हे खरे. पण तेव्हाचे बदल हजारो-लाखो वर्षांत झाले. आपला दोनशे वर्षांत झाला. दगडाला एवढी घाई करता येत नाही.

पृथ्वी पूर्वीही तापली होती, मग भिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. पृथ्वीला भीती नाहीच. पण तेव्हा ठाणे आणि कल्याणच्या खाडीकाठी खारबंदिस्तीचे बांध नव्हते, बांधाआड भाताची खाचरे नव्हती आणि खाडीलगत लाखो माणसांची वस्ती नव्हती. समुद्र वीतभर चढला तरी बांधाला धोका असतो, हे खारलँडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा जोर मोडतात, ती सांभाळणे आपल्या हाती आहे. कोळसा आणि तेल कमी जाळणे हे साऱ्या जगाचे काम आहे. त्यात आपलाही वाटा आहेच.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. मुलांना जवळच्या डोंगरावर न्या. काळ्या दगडात बारीक बारीक भोके दिसतील. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते. शेजारी मुरूम आणि माती दाखवा. मग वर्गात चुनखडीच्या भुकटीवर लिंबू पिळा. जो फेस येईल, तो त्याच वायूचा. पावसाने आणि समुद्राने हवेतून काढून बांधून ठेवलेला वायू मुले आपल्या डोळ्यांनी सुटताना पाहतील.