टाळीच्या मोबदल्यात माणूस मागू नये

खेळाडू कितीही मोठा असला तरी त्याला मोठं केलं प्रेक्षकांनी. म्हणून त्यानं प्रेक्षकांपुढे लवूनच राहिलं पाहिजे, हे मत आपल्याकडे इतकं मुरलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाच्या मनातही येत नाही. वर्ध्याच्या बजाज चौकात खेळाचा विषय निघाला की 'मोठा झाला तं का झालं? दोन शब्द बोलला असता तं का बिघडलं असतं?' एवढ्या एका सवालावर भल्याभल्यांचा निकाल लागतो. या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात सर्वांत जास्त काळ उभं राहिलेलं नाव म्हणजे सुनील गावसकर. त्यांच्यावर कलमं दोन. ते विक्रमांसाठी खेळले आणि त्यांच्या वर्चस्वात खेळाची गंमत गेली, हे पहिलं. ते प्रेक्षकांशी ताठ्यानं वागले, हे दुसरं. माझ्या मते दोन्ही टिकत नाहीत. किंबहुना ती दोन नाहीतच. पहिल्याच्या पोटातून दुसरं जन्माला आलं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो कच्चा नाही. खेळाडूच्या घरात येणारा पैसा अखेर तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून येतो, हे खरं आहे. परंपरेचा दाखलाही भक्कम आहे. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आलं, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते प्रयोगाला उभे राहिले. मायबाप रसिकांना देव मानणारा कलावंत कसा असतो, हे मराठी माणूस या एका प्रसंगावरून शिकला आणि तोच दंडक त्यानं मैदानाला लावला. शिवाय, जो सतत जिंकतो तो सामन्यातली चुरस आधीच खाऊन टाकतो. त्यानं निदान वागण्यात तरी नमतं घ्यावं, ही अपेक्षा माणुसकीला धरूनच वाटते.

आता प्रकरण पाहू. १९८४च्या ३१ डिसेंबरला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्धची कसोटी सुरू झाली. दिल्लीच्या कसोटीतल्या बेजबाबदार फटक्यानंतर कपिल देवला वगळलेलं होतं आणि त्याचा राग लोकांनी कर्णधार गावसकरांवर काढला. पदार्पणातच अझरुद्दीननं ११० आणि रवी शास्त्रीनं १११ धावा केल्या, पण डाव रेंगाळला. चौथ्या दिवशी उपाहारानंतर ७ बाद ४३७वर तो घोषित झाला, तोवर इंग्लंडचा फिल एडमंड्स सीमारेषेजवळ वर्तमानपत्र उघडून उभा राहिला होता. गावसकर संघ घेऊन मैदानात उतरले तेव्हा त्यांच्यावर फळं फेकली गेली, खेळ थांबवावा लागला. यापुढे ईडनवर खेळायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. फेब्रुवारी १९८७मध्ये पाकिस्तानविरुद्धची कसोटी तिथं आली तेव्हा त्यांनी शब्द पाळला आणि लागोपाठ १०६ कसोटी खेळण्याची त्यांची मालिका तिथं तुटली.

यात लोकांची नाराजी रास्त होती. रेंगाळलेल्या डावाबद्दल हुर्यो करणं हा तिकीट काढणाऱ्याचा हक्कच आहे. पण हुर्यो वेगळी आणि अंगावर फळं फेकणं वेगळं. खानावळीत ताटाचे पैसे मोजले की जेवण चांगलं मागता येतं. आचाऱ्यानं बाहेर येऊन हसून गप्पा माराव्यात असा हट्ट धरता येत नाही, आणि भाजी खारट झाली म्हणून त्याच्यावर वाटी भिरकावता तर मुळीच येत नाही. पैशाचा मुद्दा इथंच संपतो. तिकिटानं प्रेक्षक जागा आणि खेळ विकत घेतो. खेळणाऱ्याचं मन, वेळ आणि मान त्या सौद्यात नसतात.

मग गावसकरांच्या बाबतीत हा राग इतका का टिकला? इथं पहिलं कलम कामाला येतं. १९७१मध्ये वेस्ट इंडिजच्या पहिल्याच दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा करणारा एकवीस वर्षांचा मुलगाही गर्दीकडे पाहत नव्हता. चेंडू संपला की मान खाली, पुन्हा रेघ, पुन्हा पवित्रा. तेव्हा त्याला लोकांनी एकाग्रता म्हटलं. वेस्ट इंडिजमध्ये लॉर्ड रिलेटर या गायकानं तर त्याच्यावर कॅलिप्सो गीत रचलं. तोच माणूस, तीच खाली घातलेली मान. पण नावावर तीस शतकं जमली तेव्हा तिला माज म्हणू लागले. बदललं काय? वागणं नाही, धावसंख्या बदलली. हरणाऱ्याचं मौन आपण समजून घेतो, जिंकणाऱ्याचं मौन आपल्याला अपमान वाटतं. वर्चस्वाबद्दलची खदखद उघड बोलता येत नाही, कारण 'तू फार जिंकतोस' ही तक्रार कुणाला सांगणार? मग ती वागणुकीच्या नावानं नोंदवली जाते.

'स्वतःसाठी खेळला' हे म्हणणंही तपासून घ्यावं. १९७६मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारतानं चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं, त्यात गावसकरांचं शतक आहे. १९७९मध्ये ओव्हलवर ४३८चा पाठलाग करताना त्यांनी २२१ काढल्या आणि भारत ८ बाद ४२९वर, विजयापासून नऊ धावांवर थांबला. स्वतःपुरता हिशेब ठेवणारा फलंदाज असल्या पाठलागांत इतक्या पुढे जाऊन उभा राहत नाही.

वर्चस्वानं खेळ रटाळ होतो, हा समज गोल्फनं फार मोठ्या प्रमाणावर खोटा पाडला. टायगर वूड्सनं १९९७ची मास्टर्स १२ फटक्यांच्या आणि २०००ची यूएस ओपन पेबल बीचवर १५ फटक्यांच्या फरकानं जिंकली. चुरस म्हणायची तर उरलीच नव्हती, तरी लोक पूर्वी कधी नव्हते इतके गोल्फ पाहू लागले. मास्टर्सचं ऑगस्टाचं मैदान लांबवावं लागलं, प्रतिस्पर्धी व्यायामशाळेत घाम गाळू लागले. सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस उरलेल्यांचं माप वाढवतो, हा त्याचा खेळाला होणारा उपयोग.

पण त्याच वूड्सच्या बाजूनं चूकही घडली, आणि ती सांगितल्याशिवाय माझा पक्ष प्रामाणिक ठरणार नाही. गोल्फमध्ये प्रेक्षक दोरीपलीकडे हाकेच्या अंतरावर उभे असतात आणि काठी खाली येत असताना कॅमेऱ्याचा एक खटका फटका बिघडवू शकतो. २००२मध्ये एका प्रेक्षकानं नेमक्या त्या क्षणी फोटो काढला, तेव्हा वूड्सचा कॅडी स्टीव्ह विल्यम्स यानं कॅमेरा हिसकावून तळ्यात टाकला. शांतता मागणं योग्य होतं, दुसऱ्याची वस्तू बुडवणं नव्हतं. उलट बाजूचं उदाहरण सप्टेंबर २०२५मधलं. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजवर अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या रायडर चषकात युरोपच्या रोरी मॅकिलरॉयवर शिव्यांचा भडिमार झाला, त्याच्या बायकोला फेकलेलं पेय लागलं. तो चेंडूपासून बाजूला झाला, उलट बोलला आणि पुन्हा खेळला. युरोप १५-१३ असा जिंकला. तरी त्याच्या भाषेवर चर्चा घडलीच. एकट्या माणसाचा शब्द मोजायचा आणि हजारोंचा मोजायचा नाही, हा न्याय नव्हे. क्रिकेटमध्ये साइटस्क्रीनसमोर कुणी हललं की फलंदाज गोलंदाजाला थांबवतो आणि पन्नास हजार माणसं मुकाट थांबतात. त्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही, कारण ते खेळासाठी असतं हे सगळ्यांना कळतं.

'मोठ्या माणसानं लोकांना सदैव उपलब्ध असावं' हा उपदेश वर्धा जिल्ह्यात तरी करू नये. इथं देशातली सर्वांत मोठी दर्शनाची गर्दी झेललेला माणूस राहून गेला. ३० एप्रिल १९३६ला गांधीजी वर्ध्याहून सेगावला गेले, ते गर्दीपासून दूर, खेड्यात काम करता यावं म्हणून. तेच पुढे सेवाग्राम झालं. सोमवारी ते मौन पाळत. समोर कोणीही येवो, उत्तर मिळालं तर चिठ्ठीवर. स्वाक्षरी हवी असेल तर हरिजन फंडासाठी पाच रुपये मोजावे लागत, आणि त्या काळी पाच रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. नदीकाठच्या पवनारला विनोबांनी १९७०मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे एकाच जागी राहायचं ठरवलं, आणि २५ डिसेंबर १९७४पासून वर्षभर मौन धरलं. या दोघांनी लोकांसाठी आयुष्य वेचलं, पण स्वतःभोवती कुंपणही घातलं. त्याला आपण साधना म्हणतो, गर्व म्हणत नाही. सेवा कामातून होते, सतत हाताशी असण्यातून होत नाही, हे ज्या जिल्ह्यानं जवळून पाहिलं त्यानं फलंदाजाकडे वेगळा हिशेब का मागावा? फलंदाज संत नसतो, हे कबूल. म्हणून तर त्याच्याकडे संताहून जास्त मागणं अधिकच विचित्र.

मग प्रेक्षकाचा हक्क कशावर? प्रामाणिक खेळावर, पूर्णपणे. या कसोटीवर गावसकर एकदा साफ नापास होतात. १९७५च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्यावर ते अख्खी ६० षटकं खेळून ३६वर नाबाद राहिले. त्या दिवशी प्रेक्षकांची फसवणूक झाली आणि त्यांचा संताप शंभर टक्के योग्य होता. हाच हक्क आमच्या विदर्भानं व्याजासह वसूलही केला आहे. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूरचं जुनं व्हीसीए मैदान, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतलेली. गटात पहिलं येण्यासाठी २२२ धावा झपाट्यानं हव्या होत्या. अंगात ताप असलेल्या अडतीस वर्षांच्या गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ काढल्या आणि ३२.१ षटकांत सामना संपला. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्यांचं हे एकमेव शतक. त्या दिवशी ते प्रेक्षकांकडे पाहून हसले की नाही, हे कुणालाही आठवत नाही आणि विचारायची गरजही पडत नाही.

प्रेक्षकांच्या हक्काइतकाच पंचांचा आणि खेळाचा हक्क असतो, आणि तो मोडणाऱ्याला माझ्या युक्तिवादाचा आडोसा मिळू नये. १९८१मध्ये मेलबर्नला पायचीतच्या निर्णयावर चिडून गावसकर सलामीचा जोडीदार चेतन चौहानला सोबत घेऊन मैदान सोडायला निघाले, ते चुकलंच. त्यांनी स्वतः नंतर खेद व्यक्त केला. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत पैलवान शिवराज राक्षे यानं निकालावरून पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक यावर दोन तट पडोत, लाथेवर पडू नयेत.

आता सर्वांत बळकट आक्षेप. १९८७मध्ये ईडनवर न खेळून गावसकरांनी स्वतःच्या रुसव्यासाठी संघाचं नुकसान केलं नाही का? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार क्रिकेट मंडळाला होता, कर्णधाराला होता, सहकाऱ्यांना होता. ज्यांनी फळं फेकली त्यांना नव्हता. अंगणातून हाकललेल्या पाहुण्यालाच पुन्हा का आला नाहीस म्हणून जाब विचारणं, हा न्याय कुठला?

नातं कसं असावं हे पाहायला लांब जायला नको. देवळीसारख्या गावात, जिथून रामदास तडस विदर्भ केसरी होऊन पुढे लोकसभेत गेले, कुस्तीची दंगल बघावी. पैलवान उतरतो, तांबडी माती कपाळाला लावतो. डफडं वाजत असतं, चारी बाजूंनी लोक डाव ओरडून सांगत असतात. त्याच्या कानात काहीच शिरत नसतं आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही. आखाड्याच्या मातीत प्रेक्षक पाय टाकत नाही. कुस्ती चितपट झाली की जिंकलेला फेरी मारतो आणि ज्याची इच्छा असेल तो दहाची, पन्नासची नोट त्याच्या हातावर ठेवतो. हरलेला लंगोटावर टॉवेल गुंडाळून निघून जातो, त्याला कुणी अडवत नाही. देणारा खुशीनं देतो, घेणारा वाकून घेतो, आणि कुस्ती चालू असताना कुणाचं कुणावर कर्ज नसतं. आता मात्र पैलवान घाम पुसत नाही तोच चारी बाजूंनी मोबाइल पुढे येतात आणि एखादा सेल्फी चुकला की संध्याकाळपर्यंत 'डोक्यात हवा गेली' असा शेरा गावभर फिरतो. ही लोकशाही नव्हे, ही वसुली आहे.

गुर्मी आणि स्वाभिमान बाहेरून सारखे दिसतात, हा पूर्वपक्षाचा शेवटचा आधार. पण त्यांना वेगळं करण्याचा एक साधा उपाय आहे: किंमत कोणी मोजली ते बघावं. पंचाला मारलेल्या लाथेची किंमत पंचानं मोजली, तळ्यात टाकलेल्या कॅमेऱ्याची त्याच्या मालकानं, लॉर्ड्सवरच्या ३६ धावांची तिकीट काढणाऱ्यांनी. ईडनवर न जाण्याची किंमत मुख्यतः गावसकरांनी स्वतः मोजली, बारा वर्षं एकही कसोटी न चुकवता बांधलेली मालिका स्वतःच्या हातानं तोडून. ज्यांच्यावर विक्रमांसाठी खेळल्याचा आरोप आहे, त्यांनी मानासाठी विक्रम सोडला. आरोप करणाऱ्यांनी निदान या एका नोंदीचं उत्तर द्यावं आणि मग पुढचं कलम लावावं.