चाकोरी, भोवरा आणि दादाची पिकअप

मागच्या कार्तिकी एकादशीला नारायणगडावर गेलो होतो. बीडकडची माणसं ज्याला धाकटी पंढरी म्हणतात तोच हा गड, बालाघाटच्या डोंगरातला. पिकअप मामेभावाची, डबल केबिन. मागच्या सीटवर मामी आणि दोन पोरं. दादाने वर्षभरापूर्वी पुढे दोन इंचाचे स्पेसर टाकून गाडी उचलली होती आणि मोठे टायर बसवले होते. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतते, म्हणून. शिवाय दिसतेही भारी, हे तो बोलत नाही, पण असतंच!

साठच्या पुढे काटा गेला आणि एका खड्ड्यानंतर स्टिअरिंग असं काही थरथरायला लागलं की दादाने दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मामीने नामस्मरण सुरू केलं. दहाएक सेकंदांनी थांबलं.

"अलाइनमेंट दोनदा केली रे. पुन्हा हेच. टायर पण एका बाजूनं खाल्लेत."

आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. बग दिसला की आधी इतिहास बघायचा, शेवटचं नीट कधी चालत होतं आणि त्यानंतर काय बदललं? पुण्याला आल्यावर दोन वीकेंड हेच वाचलं. आणि गंमत म्हणजे दादाचा बग शंभर वर्षं जुना निघाला.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीला अलाइनमेंट लागत नाही. दोन चाकं, एक आस, आणि वळवायचं काम बैलांचं. रस्त्यावर चाकोरी पडलेली असली की गाडीवान झोपला तरी गाडी घरी येते. भानगड सुरू होते ती चार चाकांपासून. जुन्या घोडागाड्यांत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरायचा, आणि जोरात वळलं की गाडी कलंडायची. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने आस जागेवर ठेवून दोन्ही चाकं आपापल्या खिळीवर वळवायची युक्ती काढली. 1818 मध्ये रुडॉल्फ अकरमनने लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्याचं लागलं. असो. जगात असंच चालतं.

पण चाक स्वतंत्र वळायला लागलं म्हणजे ते सरळ कुठे बघतंय हा प्रश्न आलाच. तिथून तीन कोन आले. वरून पाहिलं तर पुढची चाकं नाकाशी जवळ की लांब, तो टो. समोरून पाहिलं तर चाक कललंय का, तो कँबर. आणि बाजूने पाहिलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं ती मागे किती झुकलीय, तो कॅस्टर. हात सोडून सायकल चालवता येते ना, त्यात तिरक्या चिमट्याचा मोठा वाटा आहे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे.

आता मुद्द्याचं. 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. तेव्हाचे टायर अरुंद, कडक हवेचे. 1923 मध्ये फायरस्टोनने जाड, मऊ, कमी हवेचे 'बलून' टायर बाजारात आणले. लोक खूश, पाठीचे हाल थांबले. पण त्याच काळात गाड्यांची पुढची चाकं थरथरायला लागली! कारण फिरणारं जड चाक म्हणजे भोवराच. भोवऱ्याला बाजूने कलवलं की तो सरळ न कलता तिसरीकडेच वळतो. एका सलग आसावर एक चाक खड्ड्यामुळे वर गेलं की दोन्ही कलतात, कलले की वळतात, वळले की परत कलतात...

इंजिनिअर दहा वर्षं याच्याशी झगडत होते. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांच्या कामातून 1934 च्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. प्रत्येक चाक आपल्या दांड्यांवर वरखाली होणार, शेजाऱ्याला कलवणार नाही.

पण या औषधाची एक किंमत होती. सलग आसाच्या गाडीत (1947 पासून महिंद्राने मुंबईत जोडलेली विलीज जीप आठवा) उंची वाढवली तरी कँबर फारसा हलत नाही. कॅस्टर बिघडला तर पाट्याखाली पाचर मारून सुधारता येतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मात्र तिन्ही कोन दांड्यांच्या तिरकेपणावर, म्हणजे गाडीच्या उंचीवर ठरतात. उंची बदलली की सगळेच हलले.

दादाने दोन्ही केलं होतं. 1923 चा टायरही आणि 1934 ची उंचीही. 245/70 चा 16 इंची टायर काढून 265/75 चा घातला, म्हणजे व्यास 749 मिलिमीटरचा 804 झाला. भोवरा जड झाला आणि त्याला सरळ ठेवणारा कॅस्टर कमी झाला.

डिसेंबरच्या एका रविवारी मोजायला बसलो. आधी टायरची हवा, मग बॉल जॉइंट आणि बुश हलवून पाहिले, कारण ते ढिले असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. चाकांखाली दोन-दोन फरश्या, मधे ग्रीस. कँबरला गवंड्याचा ओळंबा. कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक 20 अंश एकीकडे आणि 20 अंश दुसरीकडे वळवून, फोन रिमला लावून कँबरमधला फरक घ्यायचा आणि दीडने गुणायचं. फरक आला 0.7, म्हणजे कॅस्टर जेमतेम एक अंश. गाडीच्या पुस्तकात तीनच्या आसपास होता. मशीनवाल्याने दोन्ही वेळा फक्त टो लावला होता. आणि स्पेसर बसल्यावर दबला, उंची पुन्हा बदलली, तेव्हा टोही पाच मिलिमीटर चुकलेला. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही वाटतं. पण हिशोब केला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे तीन मीटर आडवं घासतं. बीड-पुणे प्रवासात पाऊण किलोमीटर टायर नुसता फरफटत जातो!

उचललेल्या गाडीत क्रम असा लागतो: आधी कॅस्टर, मग कँबर, टो सगळ्यात शेवटी, कारण पहिले दोन हलवले की टो हलतोच. आणि हे गाडीवर नेहमीचं ओझं ठेवून. आम्ही कॅस्टरचे बोल्ट फिरवले तर दोन अंशाला टोक आलं. पुढे रस्ता नाही. एकतर वरचे दांडे बदला, नाहीतर उंची कमी करा. शिवाय कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी बदलायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलेलं आहेच. अपघात झाला तर विमावाला आधी हेच बघणार.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रानात रुतली तर ट्रॅक्टर हाय. आई मागं बसती."

स्पेसर निघाले, जुने टायर बसले, आणि मग अलाइनमेंट झाली. परवा पुन्हा गडावर गेलो. प्रत्येक वळणानंतर दादा मुद्दाम पकड सैल करत होता आणि स्टिअरिंग आपलं आपण सरळ येत होतं. मामी मागे झोपली होती.